मैलाला सहा इंच

माझ्या मुलीने गणिताच्या जुन्या वहीच्या मागच्या पानावर श्रीलंकेतल्या ठिकाणांची एक यादी केली होती. कोलंबो, कँडी, नुवारा एलिया, एल्ला, सिगिरिया, दांबुल्ला, गॉल, हत्तींसाठी पिन्नावला, अशी एकोणीस नावे तिने एकाखाली एक लिहिली होती आणि प्रत्येकापुढे दिवस मांडले होते. कुठे अर्धा, कुठे पाव. बारा दिवसांत एकोणीस ठिकाणे बसवायची म्हणून तिने रीतसर भागाकार केला होता आणि तो बरोबर आला होता. ती सातवीत आहे, तिला नकाशा वाचता येतो, आणि त्या पानापायी तिचे दोन रविवार गेले होते हे मला ठाऊक होते. म्हणून ती वही माझ्यापुढे ठेवून उभी राहिली तेव्हा मी लगेच काही बोलले नाही. मला तीन वर्षांपूर्वीची सहल आठवत होती.

तेव्हा आम्ही एका प्रवासी कंपनीच्या बसने दक्षिणेत गेलो होतो. सहा दिवस आणि नऊ ठिकाणे. पहाटे चार वाजता दारावर थाप पडायची. प्रत्येक ठिकाणी पाऊण तास मिळायचा, आणि त्यातला निम्मा चपला सांभाळण्यात आणि स्वच्छतागृहाच्या रांगेत जायचा. धाकटा त्या वेळी सहा वर्षांचा होता. चौथ्या दिवशी त्याला ताप भरला. पण पुढच्या गावी जेवण सांगून ठेवलेले असल्यामुळे बस थांबू शकत नव्हती, आणि दिवसभराचा तो प्रवास मी त्याला मांडीवर घेऊन, ओल्या पंचाने त्याचे कपाळ पुसत केला. त्या सहलीचे पैसे आम्ही समुद्र पाहायचा म्हणून भरले होते. किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा रात्रीचे साडेआठ झाले होते. लाटांचा आवाज ऐकू आला, पायांना ओली वाळू लागली, पाणी मात्र दिसले नाही. वीस मिनिटांनी शिट्टी वाजली. परत आल्यावर शाळेत सहलीविषयी दहा ओळी लिहायला सांगितल्या, तेव्हा धाकट्याने बसच्या खिडकीच्या काळ्या रबरी पट्टीविषयी लिहिले, कारण सहा दिवस तो ती पट्टी नखाने सोलत बसला होता.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आणि अशा दहा ओळींच्या वह्या गेली वीस वर्षे तपासत आले आहे. मुलांच्या मनात काय उरते, याचा इतका खात्रीचा पुरावा दुसऱ्या कोणाकडे असेल असे मला वाटत नाही. एका दिवसात पाच स्थळे पाहून आलेली मुले स्थळांची नावे लिहितात आणि चौथ्या ओळीला अडखळतात. उन्हाळ्यात पंधरा दिवस मामाच्या गावी राहून आलेली मुले मात्र लिहीत सुटतात. बंडीच्या चाकाला वंगण घालताना मामाचा हात कोपरापर्यंत कसा काळा झाला, मामीच्या पातोड्यांचा रस्सा ताटाबाहेर कसा वाहिला, शेळीच्या दोन पिलांपैकी कोणते आधी उभे राहिले, हे सगळे त्यांना सांगायचे असते आणि पान पुरत नाही. ती पंधरा दिवस काही ‘पाहत’ नव्हती. ती तेथे राहत होती.

यंदा देशाबाहेर जायचे ठरले ते माझ्या सासूबाईंमुळे. आमचे गाव आर्वी तालुक्यातले, वर्धा नदीच्या काठचे. त्यांचे वडील १९५६ च्या ऑक्टोबरात गावातल्या काही जणांबरोबर, थोडी वाट पायी आणि थोडी रेल्वेने, नागपूरला गेले आणि १४ तारखेला दीक्षा घेऊन परतले. दरवर्षी दीक्षाभूमीला जाणे हीच सासूबाईंची आयुष्यभराची सहल. पांढरे लुगडे, गाठोड्यात भाकरी आणि ठेचा, रात्री मोकळ्यावर पथारी. तेथील बोधिवृक्ष अनुराधापुरच्या बोधिवृक्षाच्या फांद्या आणून भदन्त आनंद कौसल्यायन यांनी लावला, हे त्या लहानपणापासून ऐकत आल्या आहेत. मागच्या खेपेला परत आल्यावर त्यांनी पिशवीतून एक गळलेले पान काढले, ते मुलीच्या भूगोलाच्या पुस्तकात ठेवले आणि विचारले, “ह्या झाडाची माय जेथं हाय, तेथं आपल्याले जाता येते का?”

मुलीने नकाशा उघडला आणि बोट ठेवून दाखवले. सासूबाई बराच वेळ त्या बोटाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “बाबासाहेब गेले होते तिकडं.” खरे आहे. १९५० सालच्या मे महिन्याच्या अखेरीस तेथे जागतिक बौद्ध परिषद भरली होती आणि बाबासाहेब माईसाहेबांसह तिला गेले होते. म्हणजे आमच्या घराला परदेशाची वाट ठाऊक होती, त्या वाटेवर पाऊल तेवढे पडलेले नव्हते.

आणि हा परदेश किती जवळ आहे, हे हिशेब मांडल्यावरच ध्यानात आले. नागपूरहून चेन्नईला रेल्वेने जितका वेळ लागतो, त्याच्या दहाव्या हिश्श्यात चेन्नईहून कोलंबोचे विमान पोहोचते. तेथले घड्याळ आणि आपले घड्याळ एकच. त्यामुळे मुलांची झोप आणि भूक जेथल्या तेथे राहते. लहान मुलांना घेऊन दूर देशी जाणाऱ्यांना पहिले तीन-चार दिवस याच गोष्टीने घेरलेले असते. मध्यरात्री टक्क जागे झालेले मूल आणि भर दुपारी ताटावर पेंगणारे मूल यांना घेऊन कोणतीही सुट्टी निवांत होत नाही. आम्हाला निवांतपणाच हवा होता, म्हणून घड्याळाच्या या योगाला मी तिकिटाच्या किमतीइतकेच महत्त्व दिले.

कधी जायचे, हा आमच्या घरातला सर्वांत मोठा प्रश्न होता. शाळेचे वेळापत्रक, वावराचे वेळापत्रक आणि समुद्राचे वेळापत्रक, अशी तीन पंचांगे जुळवायची होती. दिवाळीच्या सुट्टीत सोयाबीनची मळणी आटोपत असते आणि सीतादहीची पूजा होऊन कापसाचा पहिला वेचा सुरू होतो. त्या दिवसांत शेतकऱ्याने घर सोडणे म्हणजे वर्षभराचे पीक दुसऱ्याच्या भरवशावर टाकणे. शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबरात श्रीलंकेत जोराचा पाऊस असतो. डिसेंबर ते मार्च हा तेथील दक्षिण आणि पश्चिम किनाऱ्याचा उत्तम काळ, सारी माहितीपत्रके तोच सांगतात; पण तेव्हा शाळा भरलेली आणि तूर कापणीला आलेली. राहिला मे. मे महिन्याचे नाव काढले की जो तो मान हलवी, कारण महिनाअखेरीस नैर्ऋत्येचा मोसमी पाऊस त्या किनाऱ्यांवर येऊन थडकतो.

मुलांच्या बाबांनी मात्र किनारा सोडून नकाशावरच्या डोंगरांकडे पाहिले. त्या बेटाच्या मध्यभागी उंच डोंगर आहेत. त्यांतला पिदुरुतलागला २,५२४ मीटर उंच आहे. पश्चिमेकडून आलेला ढग त्या उतारावर रिता होतो आणि पलीकडे कोरडा वारा उतरतो. सह्याद्रीच्या एका अंगाला कोकण भिजते आणि दुसऱ्या अंगाला माणदेश आभाळाकडे पाहत राहतो, तशीच ही गोष्ट आहे. म्हणून मे ते सप्टेंबर या काळात बेटाच्या पूर्वेचा, त्रिंकोमालीकडचा समुद्र शांत असतो. अनुराधापुरही याच कोरड्या पट्ट्यात येते. ज्या महिन्याला सगळे नको म्हणत होते, तोच आमच्यासाठी नेमका होता. किनारा तेवढा बदलायचा होता. तोच मोसमी वारा पुढे सरकत जूनच्या मध्याला आमच्या वावरात पोहोचतो, तेव्हा पाऊस आमच्या मागोमाग घरी येणार, याचा त्यांना फार आनंद झाला.

तारखा मग आपोआप ठरल्या. बुद्ध पौर्णिमा गावच्या विहारात साजरी करायची आणि मगच निघायचे. रोहिणी नक्षत्र लागण्याआधी, म्हणजे २५ मेच्या आत, घरी परतायचे. नवतपाच्या नऊ कडक दिवसांत वखरणी उरकून मृगाच्या पेरणीसाठी बियाणे घरात असले पाहिजे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात, ही आमची आणखी एक जमेची बाजू. प्रवासाहून आल्यावर मुलांना महिनाभर स्वतःचे अंगण मिळणार आहे. रविवारी रात्री घरी पोहोचायचे आणि सोमवारी दप्तर उचलायचे, अशी सुट्टी मी कित्येक घरांतून पाहिली आहे. त्या मुलांचे डोळे पहिल्या तासालाच सगळे सांगून जातात.

पासपोर्टचे काम आम्ही थंडीच्या दिवसांतच काढले होते, आणि ते लवकर काढले याचे आता समाधान वाटते. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा असतो, मुलांचा पाच वर्षांचा. साध्या छत्तीस पानी पासपोर्टला मोठ्यांसाठी दीड हजार रुपये आणि मुलांसाठी एक हजार रुपये शुल्क पडले. ठरलेल्या दिवशी आम्ही पाचही जण पहाटेच्या एस. टी. ने केंद्रावर गेलो आणि त्यातले दोघे हात हलवत परत आलो. मुलीच्या जन्मदाखल्यावर वडिलांच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग एक होते, आधार कार्डावर दुसरे. सातवीपर्यंत ते कोणालाही खटकले नव्हते. तो फरक दुरुस्त करून घेण्यात सात आठवडे गेले आणि त्यासाठी तीनदा तालुक्याला जावे लागले. म्हणून जो कोणी खेड्यातून असा बेत करीत असेल, त्याला मी कळकळीने सांगते की तिकिटांचे दर पाहण्याआधी घरातल्या प्रत्येकाचा जन्मदाखला, आधार कार्ड आणि शाळेचा दाखला एकाशेजारी एक मांडून अक्षर न् अक्षर ताडून पाहावे.

सासूबाईंची अडचण वेगळीच होती. त्यांच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी आहे, कारण खरी तारीख कोणी लिहून ठेवलेली नाही. त्यांची आई सांगायची, दीक्षा झाली त्याच्या पुढल्या वर्षी, तुरी फुलावर असताना तू झालीस. अर्ज भरताना मी ते मोठ्याने वाचून दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, “तारीख तुमची लिवा, पन मले ठाऊक हाय मी कवाची हावो.” पासपोर्टवर १ जानेवारीच छापून आले. घरात मात्र त्यांचा वाढदिवस आता तूर फुलली की साजरा करायचा, असे मुलांनी ठरवून टाकले आहे.

मी शासकीय सेवेत असल्यामुळे परदेश प्रवासाची पूर्वपरवानगी घ्यावी लागली. केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी आणि पुढे जिल्हा असा तो कागद फिरून आला. पासपोर्टची मुदत प्रवासाच्या दिवसापासून निदान सहा महिने पुढे असावी लागते, आणि श्रीलंकेसाठी निघण्यापूर्वी ऑनलाइन प्रवास-परवाना काढावा लागतो. त्याचे शुल्क आणि नियम बदलत असतात, तेव्हा ते त्या देशाच्या शासकीय संकेतस्थळावरच पाहावेत.

पैशांविषयी थोडे लिहिणे भाग आहे, कारण आमच्या भागात ‘परदेशी सहल’ हे शब्द उच्चारताना आवाज आपोआप खाली येतो. ज्या गल्लीत कापसाच्या भावाची वाट पाहत गंजी घरात पडून असते, ज्या घरांत मागच्या हंगामाचे देणे फिटलेले नसते, त्या गल्लीतून सुटकेस घेऊन निघायचे, याचे ओझे मला आहे. मुलांच्या बाबांनी पहिल्याच दिवशी अट घातली की पीककर्जाच्या पैशाला हात लावायचा नाही आणि उसनवार करायची नाही. अडीच वर्षांपूर्वी मी शिक्षिकांच्या भिशीत नाव घातले, टपाल कार्यालयात आवर्ती ठेव उघडली आणि माझ्या पगारातून जे साचले तेवढ्यातच हा बेत बसवला. पाच माणसांचे विमानाचे तिकीट हा त्यातला मोठा खर्च. दोनच गावांत राहायचे ठरल्यामुळे गाडीभाडे मात्र निम्म्याने उतरले. श्रीलंकेचा रुपया आपल्यापेक्षा स्वस्त आहे; आपल्या एका रुपयाला तिकडचे तीनांहून अधिक मिळतात. तरी मुलीने खर्चाची वही आपल्याच रुपयांत लिहायची असे मी तिला सांगितले आहे. हिशेब घरच्या मापात असला की हात आवरता राहतो.

आता त्या यादीकडे वळते. मी पेन्सिल घेऊन तिच्याजवळ बसले आणि विचारले, यातले कोणते ठिकाण आजीला चालत गाठता येईल? तीन नावे गेली. कोणते ठिकाण भर उन्हात पाहावे लागेल? आणखी काही गेली. कोणत्या ठिकाणासाठी पुन्हा सामान बांधावे लागेल? या प्रश्नावर ती गप्प झाली, कारण जवळजवळ सगळीच नावे त्यात आली. सिगिरियाच्या उभ्या खडकावर मी रेघ ओढायला गेले तेव्हा तिने वही ओढून घेतली. त्या खडकावरच्या राजवाड्याचे चित्र तिने कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटवले आहे. तिचे रडणे मी थांबवले नाही. काहीतरी मनापासून हवे असणे आणि ते यंदा न मिळणे हे तिचे दुःख खरे होते. संध्याकाळी तिने स्वतःच नवे पान काढले, वर ‘पुढच्या वेळी’ असे लिहिले आणि सतरा नावे सुवाच्य अक्षरांत तिकडे उतरवली. पहिल्या पानावर अनुराधापुर आणि त्रिंकोमालीजवळच्या किनाऱ्यावरचे निलावेली ही दोनच नावे राहिली. विमानतळाजवळ नेगोंबोला येताजाता एकेक रात्र, अनुराधापुरला चार आणि निलावेलीला पाच.

अनुराधापुरचे दिवस कसे घालवायचे, हे ठरवताना आम्हाला आमचा वैशाखच उपयोगी पडला. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात जगणाऱ्या माणसाला दिवस कसा वापरावा हे शिकवावे लागत नाही. पहाटे अंगण, अकराच्या आत कामे, मग दार लोटून वाळ्याच्या ताट्या लावलेल्या कूलरसमोर आडवे होणे, आणि उन्हे कलल्यावर पुन्हा बाहेर. तेथेही असेच करायचे. बोधिवृक्षाच्या आणि स्तूपांच्या आवारात अनवाणी चालावे लागते, डोके उघडे ठेवावे लागते, आणि मे महिन्यात दुपारी तेथला दगड तव्यासारखा तापतो. म्हणून पांढरे, खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे, पिशवीत जाड मोजे, आणि जायचे ते सूर्य उगवताना किंवा मावळताना. अशोकाची मुलगी संघमित्रा हिने बोधगयेहून आणलेल्या फांदीचे ते झाड इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात लावलेले. ज्याच्या लागवडीची नोंद आहे असे जगातले सर्वांत जुने झाड म्हणून ते ओळखले जाते. सासूबाईंना त्याच्यासमोर किती वेळ बसायचे आहे, ते आम्ही ठरवलेले नाही. दोन पहाटा त्यांच्या. तेथून रुवनवेलिसाय स्तूपापर्यंतची वाट सपाट आणि चालत जाण्याजोगी आहे, तेवढे मात्र पाहून ठेवले आहे.

एका सकाळी जवळच्या मिहिंतले डोंगरावर जाऊ. पायऱ्या एक हजार आठशे चाळीस. पण गाडीरस्त्याने वर गेले की निम्म्याहून अधिक चढण टळते. अशोकाचा मुलगा महेंद्र आणि राजा देवानंपिय तिस्स यांची भेट तेथे झाली. राजाची बुद्धी पारखण्यासाठी महेंद्राने त्याला समोरच्या झाडाचे नाव विचारले. आंबा, असे राजा म्हणाला. याखेरीज दुसरे आंबे आहेत का? पुष्कळ आहेत. आंब्यांखेरीज इतर झाडे आहेत का? आहेत. मग ते दुसरे आंबे आणि ती इतर झाडे सोडून आणखी एखादे झाड आहे का? हा प्रश्न मी माझ्या चौथीच्या वर्गाला घातला. पटांगणात एकच आंबा आहे. बरीच मुले गोंधळली, मागच्या रांगेतली एक मुलगी, जी एरवी तोंड उघडत नाही, उठून खिडकीपाशी गेली आणि त्या झाडाकडे बोट दाखवून म्हणाली, “हेच.” राजाचेही उत्तर तेच होते. धाकट्याला हे मी मुद्दाम सांगितलेले नाही. ते त्या डोंगरावर विचारायचे आहे.

मुलांच्या बाबांचे मन मात्र तळ्यांत आणि कालव्यांत अडकले आहे. कोरड्या मुलखात शेती करणाऱ्या माणसाला दुसऱ्या कोरड्या मुलखातले पाणी पाहण्याची जी ओढ असते, ती इतरांना कळणे कठीण. पाचव्या शतकात धातुसेन राजाने कलावेव नावाचा तलाव बांधला आणि तेथून अनुराधापुरच्या तिसावेव तलावापर्यंत सुमारे ८७ किलोमीटर लांबीचा कालवा आहे. त्याच्या पहिल्या सतरा मैलांत मैलाला अवघा सहा इंच उतार आहे. पारदर्शक नळीत पाणी भरून वावरातल्या पाइपलाइनची लेव्हल स्वतः काढणाऱ्या माझ्या नवऱ्याने हे वाचले, वही मिटली आणि तो ओट्यावर जाऊन बसला. रात्री मला म्हणाला, “सहा इंच म्हणजे माही एक वीत बी नाही. इतकं हळू नेलं पानी, म्हनून तं बांध फुटला नाही आन् वाटेतल्या गावाले भेटलं.” एक संध्याकाळ त्याच्यासाठी, त्या पाण्याच्या काठावर. मुले आली तर आली.

मग निलावेली. पाच दिवस आणि त्यातले जवळजवळ सगळे कोरे. हे ऐकून शाळेतल्या एका सहकारी बाईंनी काळजीने विचारले की इतके पैसे खर्चून पाच दिवस वाळूवर करणार काय. हा प्रश्न मलाही पडला होता, आणि मुले कंटाळतील ही भीती अजूनही पूर्ण गेलेली नाही. तिसऱ्या दिवशी ती कंटाळतील, असे धरूनच चालले आहे. मामाच्या गावीही तिसऱ्या दिवशी आम्ही कंटाळायचो, मामीच्या मागे भुणभुण करायचो, ती आम्हाला बाहेर घालवायची आणि चौथ्या दिवसापासून चिंचेखाली आमचे एक वेगळे राज्य वसायचे. तो कंटाळ्याचा दिवस मधे आलाच नाही, तर पुढचे काही उगवत नाही. सहलीचे बेत आखणारे लोक नेमका तोच दिवस भरून काढतात.

तरीही प्रत्येकाला एक गोष्ट निवडायला सांगितली. धाकट्याने त्रिंकोमालीच्या जुन्या किल्ल्यात मोकळी फिरणारी ठिपकेदार हरणे निवडली. आमच्या शिवारात हरीण दिसले की ते पिकातून हाकलायचे असते, तेथे ती माणसांमधून फिरतात, यावर त्याचा विश्वास बसत नाही. त्याच किल्ल्याच्या टोकावर, समुद्रावर आलेल्या कड्याशी कोणेश्वराचे देऊळ आहे. मुलीने पिजन आयलंडजवळची प्रवाळे निवडली. ते बेट राष्ट्रीय उद्यान आहे. होडीने जाऊन, काचेचा मुखवटा लावून पाण्यावर तरंगत मासे पाहता येतात. प्रवाळ जिवंत असते, त्यावर पाय ठेवायचा नाही, हे तिने भावाकडून पाठ करून घेतले आहे. समुद्र खवळलेला असेल त्या दिवशी जायचे नाही, आणि पाचही दिवस खवळलेला असला तर अजिबात जायचे नाही, हेही तिने मान्य केले आहे. सासूबाईंनी काहीच निवडले नाही. त्यांना उजेडात समुद्र पाहायचा आहे.

खाण्याची चिंता मी सोडून दिली. तिकडे भात मुख्य, डाळीला परिप्पू म्हणतात आणि ती नारळाच्या दुधात शिजलेली असली तरी वरणाचीच बहीण आहे. शेवयांच्या चकतीसारखे इंदिआप्पा आणि केशरी शहाळे मुलांना आवडेल. औषधे, जलसंजीवनीच्या पुड्या, डासांसाठीचे मलम आणि पाचही जणांचा प्रवास विमा एवढे एका पिशवीत वेगळे ठेवले आहे. मागच्या वेळचा तो ताप मी विसरलेले नाही; या वेळी कोणाला ताप आला तर आम्ही सरळ थांबणार आहोत, आणि थांबल्याने हुकेल असे काही मुळात ठरवलेलेच नाही.

म्हशीचे दूध काढायला सालदाराची बायको यायची आहे. तिला मी किल्ली दाखवून ठेवली.

एक तयारी अजून चालू आहे. समुद्राशी जायचे तर मुलांना निदान पाठीवर तरंगता आले पाहिजे, म्हणून चैत्रापासून रोज संध्याकाळी बाबा दोघांना वावरातल्या विहिरीवर नेतात. पाणी आता खाली गेले आहे, तरी तीन परस खोल आहे. कंबरेला दोर, दोराचे टोक वर माझ्या हातात, आणि पाठीला बांधलेले प्लास्टिकचे डबे. धाकट्याचे दोन्ही डबे मागच्या आठवड्यात सुटले. काल मुलीने दोर सोडायला सांगितला. मी तो सोडला नाही, फक्त सैल केला. ती पाठीवर पसरली, कान पाण्यात गेले, आणि विहिरीच्या गोल तोंडातून दिसणाऱ्या आभाळाकडे पाहत कितीतरी वेळ तशीच राहिली. सासूबाई काठावरून हाका मारत होत्या, पण तिला काही ऐकू येत नव्हते. बाहेर आल्यावर केस पिळत तिने विचारले की समुद्राचे पाणी खारट असते, तर त्यात याहून सोपे जाईल ना. बाबा म्हणाले, जाईल. मग धाकट्याची पाळी आली आणि मी दोर पुन्हा हाताला गुंडाळला.